एक्सप्लेनर : बोटात बर घुसला की सूज का येते? मेचनिकॉफ यांचा गुलाबाचा काटा आणि गांधीलमाशीचं विष

चाकण, भोसरीच्या शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जॉब हाताळताना लोखंडाचा बारीक बर बोटात घुसतो. शिफ्ट संपेपर्यंत काही जाणवत नाही. रात्री बोट ठणकायला लागतं आणि सकाळी लाल होऊन सुजतं. मग मेडिकलमधून सूज उतरवणारी गोळी आणली जाते.

पण सूज हा आजार आहे की शरीराने स्वतःच सुरू केलेला उपचार? या प्रश्नाचं उत्तर एलिया मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शोधलं. आज परोपजीवी गांधीलमाशीच्या विषातून सुजेवरचं औषध मिळेल का, हे तपासणारे संशोधकही त्यांनीच दाखवलेल्या वाटेने जात आहेत.

कोण होते मेचनिकॉफ?

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खारकीवजवळ झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. समुद्रातले छोटे जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं काम. पुढे ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

घरचे दिवस मात्र कठीण होते. पहिल्या पत्नीला लग्नाच्या वेळीच क्षयाने ग्रासलं होतं. १८७३ मध्ये तिचं निधन झालं. मेचनिकॉफ इतके खचले की त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. ते त्यातून वाचले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरं लग्न केलं. १८८१ मध्ये झारची हत्या झाल्यावर विद्यापीठातलं राजकारण तापलं. अखेर १८८२ मध्ये नोकरी सोडून ते कुटुंबासह इटलीतल्या मेसिना इथे गेले.

काट्याचा प्रयोग काय होता?

एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेचनिकॉफ घरी एकटेच समुद्रताऱ्याची अळी पाहत बसले होते. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या आत फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात. या पेशी शरीराचं रक्षण करत असतील का, अशी शंका त्यांना आली. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे तोडले आणि अळीच्या त्वचेखाली खुपसले.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर पेशींनी काट्याला चारही बाजूंनी वेढलं होतं. अळीला रक्तवाहिन्या नसतात. तरीही घुसलेल्या वस्तूकडे पेशी आपणहून धावल्या होत्या. बर घुसलेल्या बोटातही हेच होतं. फरक इतकाच की आपल्याकडे रक्तवाहिन्या आहेत. त्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. म्हणून बोट लाल होतं, गरम लागतं, फुगतं आणि दुखतं.

या पेशींना पुढे ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षक पेशी हे नाव मिळालं.

त्यांना विरोध का झाला?

त्या काळी सूज म्हणजे निव्वळ बिघाड, असं बहुतेक वैद्य मानत. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असाही समज होता. मेचनिकॉफ नेमकं उलट सांगत होते. जर्मन शास्त्रज्ञांचा मोठा गट त्यांच्या विरोधात गेला. शरीराचं रक्षण पेशी करत नाहीत, रक्तातला द्रव करतो, असं त्या गटाचं म्हणणं होतं.

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी मेचनिकॉफ यांना पॅरिसच्या नव्या संस्थेत जागा दिली. १८९१ मध्ये त्यांनी तिथे सुजेवर व्याख्यानमाला दिली. साध्या जीवांपासून माणसापर्यंत सूज ही बचावाचीच क्रिया आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. हा वाद बरीच वर्षं चालला. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि द्रवाची बाजू मांडणारे पॉल एर्लिक यांना विभागून मिळालं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं.

उतारवयात ते आंबट दूध आणि दह्याकडे वळले. त्यातले जीवाणू आयुष्य वाढवतात, असं त्यांचं मत होतं. १५ जुलै १९१६ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्राशी संबंध काय?

ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन शिकले. गुरूंमागोमाग तेही पॅरिसला गेले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरला तेव्हा त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. तिथूनच पुढे आलेल्या हाफकिन महामंडळाचं केंद्र पिंपरीत आहे. तिथे घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होतं.

गांधीलमाशी यात कुठे येते?

कीटकांच्या शरीरातही अशाच रक्षक पेशी असतात. परोपजीवी गांधीलमाशी अळीच्या पोटात अंडं घालते, तेव्हा या पेशी अंड्याला घेरून मारू पाहतात, अगदी काट्याला घेरावं तसं. म्हणून माशी अंड्यासोबत विषही सोडते. विषामुळे पेशी ढिल्या पडतात आणि अंडं वाचतं. ऊस आणि कपाशीच्या शेतात लावल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डवरची ट्रायकोग्रामा याच प्रकारच्या माश्यांपैकी एक, पण ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते.

रक्षक पेशींना शांत करणारा पदार्थ माणसाच्या नको असलेल्या सुजेवर चालेल का, हा संशोधनाचा प्रश्न आहे. संधिवातासारख्या आजारात हेच सैन्य स्वतःच्या सांध्यांवर उलटतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेसोनिया या माशीचं विष सस्तन प्राण्यांच्या पेशींवर तपासलं. सूज सुरू करणारे संकेत त्याने कमी झाल्याचं दिसलं.

मग औषध तयार आहे का?

नाही. हा प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झाला. विषात अनेक घटक असतात. त्यातला उपयोगी कोणता, घातक कोणता, हे वेगळं करावं लागेल. त्यानंतर प्राणी आणि माणसांवरच्या चाचण्या. त्यामुळे गांधीलमाशीचा डंख घेऊन सांधेदुखी बरी करण्याच्या नादी लागू नका. डंखाच्या ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो.

मेचनिकॉफ यांच्या काट्याने शिकवलेली गोष्ट इथेही लागू पडते. सूज सरसकट दाबायची नसते. ती चुकीच्या जागी भडकली असेल तिथेच आवरायची असते. स्टेरॉइडने बोटाची सूज उतरेल, पण आत जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळेल.

बोट सुजलं तर काय कराल?

- जखम साबण-पाण्याने धुवा. खोल रुतलेला बर सुईने उकरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.
- धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते डॉक्टरांना सांगा.
- लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला, बोट वाकवता येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर वाट पाहूच नका.
- चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेऊ नका.