जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२ – ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे संघटक आणि गांधीवादी अर्थविचाराचे प्रमुख भाष्यकार होते. जन्माने तमिळ असले तरी त्यांचे कर्तृत्व प्रामुख्याने वर्धा येथे घडले. ट्रॅक्टर की बैल, या स्वातंत्र्योत्तर काळातील वादात बैलाची बाजू हिशेबाच्या आधारे मांडणारे ते बहुधा सर्वांत आग्रही विचारवंत होत.

पूर्वायुष्य

कुमारप्पांचा जन्म तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव त्यांनी पुढे धारण केले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन ते मुंबईत व्यवसाय करू लागले. त्यानंतर अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठातून १९२८ मध्ये पदवी घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश राजवटीची करपद्धती आणि भारताचे दारिद्र्य यांच्या संबंधाचा अभ्यास केला. या प्रबंधाच्या निमित्तानेच मे १९२९ मध्ये साबरमतीला त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. विलायती पोशाखातील हा हिशेबनीस अल्पावधीत खादीधारी झाला.

गांधींच्या सूचनेवरून त्यांनी गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. पुस्तकी अर्थशास्त्र आणि शेतकऱ्याचे घर यांतील अंतर त्यांना या पाहणीत प्रथमच जवळून दिसले. सविनय कायदेभंगाच्या काळात ‘यंग इंडिया’त लिहिल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे सोपविण्यात आला. तेथे प्रत्येक कार्यकर्त्याच्या दैनिक खर्चाला त्यांनी कडक मर्यादा घातली आणि खुद्द गांधींच्या सोबत्यांसाठीही ती सैल केली नाही. त्यांच्या स्वभावाची कल्पना येण्यास एवढा प्रसंग पुरेसा आहे.

मगनवाडी

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तेथील घर संघाला दिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी असे नाव पडले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधींचा मुक्काम येथेच होता.

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, साबण, ताडगूळ, भातसडणी यांवर प्रयोग चालत. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी पुढे वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखली गेली. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दिवा हीदेखील येथलीच निर्मिती. जुने ते सारे जपावे, असा या प्रयोगांचा हेतू नव्हता. गावात उपलब्ध असलेले साहित्य आणि गावच्या माणसाचे हात यांना पेलेल इतपत यंत्र सुधारावे, ही त्यामागची दृष्टी होती. कुमारप्पांना सरसकट यंत्रविरोधक ठरविणारे टीकाकार हा भाग सोयीस्करपणे विसरतात. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले.

त्याच सुमारास मध्य प्रांत सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे काम कुमारप्पांनी केले आणि प्रांतातील सहाशेहून अधिक खेड्यांची माहिती गोळा करविली. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीतून मात्र ते लवकरच बाहेर पडले. १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला प्रमुख ग्रंथ लिहिला. निसर्गात परोपजीवी व्यवस्थेपासून सेवेच्या व्यवस्थेपर्यंत पायऱ्या आहेत आणि मानवी अर्थकारणाचे मोजमापही त्यांवरूनच करावे, अशी त्याची मांडणी आहे. कोळसा व खनिज तेल यांचा साठा संपणारा, तर पाऊस, पीक व पशू यांचा प्रवाह चालू राहणारा, हा भेद त्यांनी पर्यावरणवादाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी केला.

ट्रॅक्टर आणि बैल

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात अन्नधान्याचा तुटवडा होता. कांस गवताने व्यापलेली पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना उभारली. तिच्यासाठी अवजड यंत्रे घेण्याकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्जही काढण्यात आले. तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि कांसाचा प्रश्न त्या राज्यात तीव्र होता. या वातावरणात ट्रॅक्टर हे प्रगतीचे प्रतीकच बनले.

कुमारप्पांची हरकत भावनिक नव्हती. ट्रॅक्टर जमीन नांगरतो, परंतु शेण देत नाही. त्याला लागणारे तेल शेतात पिकत नाही. तो झिजला तर दुसरा विकतच घ्यावा लागतो. बैल मात्र ज्वारीचा कडबा खाऊन कष्ट करतो, खत देतो, आणि त्याची जागा घेणारे वासरू गोठ्यातच जन्मते. म्हणजे ट्रॅक्टर घेतला की इंधनापाठोपाठ रासायनिक खतही बाहेरून आणावे लागणार आणि शेतकऱ्याचा पैसा गावाबाहेर जाणार. नांगरणीचा खर्च मोजताना ही सारी साखळी मोजली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

वर्धा जिल्ह्यात हा मुद्दा सहज समजण्यासारखा होता. आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ बैल चपळ व काटक म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या एकाच जोडीमागे ऋतूप्रमाणे नांगर, वखर, तिफण आणि डवरा जुंपला जाई. आज ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर, पेरणीयंत्र किंवा ट्रॉली जोडतात, तीच ही युक्ती. फरक इतकाच की ती अवजारे गावचा सुतार-लोहार घडवी व दुरुस्त करी. काळ्या जमिनीत ओल असताना जड चाके फिरली की माती दबते, हेही येथील शेतकऱ्याला ठाऊक असते.

कुमारप्पांच्या हिशेबात एक उणीव मात्र राहते. मृगाचा पाऊस पडल्यावर पेरणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात आणि ज्याच्याकडे स्वतःची जोडी नाही, त्याची पाळी शेवटी येते. वेळेची ही किंमत ट्रॅक्टरने भरून काढली. कोरडवाहू गावात चाऱ्याची टंचाई पडली की जोडी पोसणेही जड जाते. विदर्भातील शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरकडे वळला, तो केवळ नवेपणाच्या मोहाने नव्हे.

सेलडोह आणि अखेर

काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे कुमारप्पा अध्यक्ष होते. १९४९ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क आणि किफायतशीर धारणक्षेत्राच्या तिप्पट कमाल मर्यादा या शिफारशी होत्या. त्यानंतर आपले विचार प्रत्यक्ष मातीत तपासून पाहण्यासाठी त्यांनी वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम सुरू केला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. प्रथम परिसरातील लोकांचा सकस आहार व वस्त्र यांची गरज ठरवावी आणि मग त्या प्रमाणात पिकांखाली जमीन वाटावी, ही संतुलित शेतीची कल्पना त्यांना तेथे राबवायची होती. कापसाच्या भावावर जगणाऱ्या जिल्ह्यात हा विचार धाडसाचाच होता. परंतु उच्च रक्तदाबाने प्रकृती ढासळली आणि प्रयोग पुरता रुजण्याआधीच त्यांना वर्धा सोडावे लागले.

उरलेली वर्षे त्यांनी मदुराई जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतन आश्रमात घालविली. ते अविवाहित राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या पुण्यतिथीलाच, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे बंधू भारतन कुमारप्पा हेही ग्रामोद्योग चळवळीत त्यांचे सहकारी होते. वर्ध्यातील मगन संग्रहालय आजही सुरू असून तेथे चरखे, घाण्या आणि शेतीची अवजारे पाहावयास मिळतात.