बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मिस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार व शिल्पकार होते. मूकपटाच्या काळात नेपथ्य, प्रकाश व दृश्यरचना यांच्या साहाय्याने कथा सांगण्याची पद्धत भारतीय चित्रपटात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

बाबूरावांचा जन्म कोल्हापूर येथे कारागिरांच्या कुटुंबात झाला. औपचारिक कलाशिक्षण न घेता त्यांनी चित्रकला व शिल्पकला आत्मसात केली. आतेभाऊ आनंदराव पेंटर यांच्यासह ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यामुळे दोघेही ‘पेंटर’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

कॅमेऱ्याची निर्मिती

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर दोघे चित्रपटनिर्मितीकडे वळले. विलायती कॅमेरा परवडणारा नसल्याने त्यांनी तो स्वतःच तयार करण्याचे ठरवले. मात्र १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने पूर्ण केले. त्यानंतर तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

चित्रपटशैली

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याचा प्रघात असताना यात स्त्रियांनी काम केले. कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वाटले की ते वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी बाबूरावांनी खोली असलेले त्रिमितीय नेपथ्य उभारले. त्यामुळे पात्रे देखाव्यापुढे उभी न राहता त्याच्या आत वावरताना दिसू लागली. चित्रीकरणापूर्वी ते पात्रे, वेशभूषा व प्रसंग यांची रेखाचित्रे काढीत. हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारित ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

‘सावकारी पाश’

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याचे चित्रण आहे. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. अंधूक उजेडातील झोपडी आणि रडणारे कुत्रे यांचे दृश्य विशेष गाजले. कुटुंबाची वाताहत त्यातून शब्दांविना व्यक्त होते. पौराणिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुढे मात्र तो भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानला गेला. १९३६ मध्ये बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा केला.

उत्तरायुष्य

दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर व शांताराम हे सहकारी १९२९ मध्ये कंपनीबाहेर पडले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बोलपट येताच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. त्यानंतर बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७), ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आदी बोलपटांचे दिग्दर्शन केले. तरी मूकपटांतील यश त्यांना पुन्हा लाभले नाही. त्यांच्या हाताखाली घडलेल्या दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला. कोल्हापूर येथे बाबूरावांचे निधन झाले.