डेनिस रिची आणि न लिहिलेला प्रकार

गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहावयाचे राहिले, तर गुरुजी गुण कापतात. नुसते पाच म्हणजे पाच मीटर की पाच लिटर? संगणकाच्या ‘सी’ भाषेतही ही शिस्त लागते. त्या भाषेचे जनक डेनिस रिची यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान व उपयोजित गणित यांचा अभ्यास करून १९६७ मध्ये डेनिसही त्याच प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांचे सहकारी केन टॉम्पसन यांनी ‘बी’ ही भाषा रचिली होती. तीत प्रत्येक वस्तू एकाच मापाची असल्याने तिचा प्रकार सांगावा लागत नसे. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले. त्यात अक्षरास एक बाइट पुरे, पूर्णांकास दोन लागत. म्हणून कोणती वस्तू कोणत्या प्रकारची, हे लिहिणे भाग पडले. त्यातूनच १९७२ च्या सुमारास ‘सी’ भाषा आकारास आली. १९७३ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तीत नव्याने लिहिला गेला.

मात्र ‘बी’च्या जुन्या वळणाचे लिखाण चालावे म्हणून एक मुभा राहिली: प्रकार न लिहिल्यास तो पूर्णांक समजावा. कंपायलर, म्हणजे आपले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरविणारा प्रोग्रॅम, ती उणीव मुकाट्याने भरून काढी. पुढे यंत्रे मोठी झाली. स्मृतीतील पत्ता आठ बाइटांचा झाला, पूर्णांक बहुधा चारच बाइटांचा राहिला. पत्ता परत करणाऱ्या फंक्शनचा प्रकार लिहावयाचा राहिला, तर अर्धा पत्ता गळून जाई आणि चालता प्रोग्रॅम अवचित कोसळे.

१९९९ च्या प्रमाणकाने ती मुभा काढून घेतली. तरी जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर पुढे अनेक वर्षे केवळ ताकीद देई. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र, प्रकाराच्या जागी नुसते नाव आढळताच तो ती ओळ दाखवितो व चूक मानून काम थांबवितो.

१९८३ चा ट्युरिंग पुरस्कार रिची व टॉम्पसन यांना मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये रिची निवर्तले. त्या मुभेचा दोष आम्ही त्यांस देत नाही. त्या काळी तिची गरज होती. परंतु चूक पोटात घालणाऱ्यापेक्षा ती वेळीच दाखविणारा अधिक हितकर, हे कंपायलरच्या बाबतीत जितके खरे, तितकेच गुण कापणाऱ्या गुरुजींच्या बाबतीतही खरे आहे.