साडी तीच, नेसणं बदललेलं

आनंदीबाई जोशींचा एक फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात काढलेला. तिघी विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशी पोशाखात. जपानची केई ओकामी किमोनोत, दमास्कसची सबात इस्लामबुली तिकडच्या वेशात आणि आपली आनंदी साडीत. शाळेच्या पुस्तकात, ८ मार्चच्या भाषणात आपण आनंदीबाईंना डोक्यावर घेतो ते पहिली डॉक्टर म्हणून. पण मला या फोटोकडे बघताना दरवेळी वेगळाच प्रश्न पडतो. ही मुलगी तिथे खात काय होती?

हसू नका. बाईच्या आयुष्यातला हा मोठा प्रश्न आहे, तेव्हाही होता आणि आजही आहे.

आनंदी कल्याणच्या जोशी घराण्यातली. (कल्याणची माहेरवाशीण म्हणून मी तिला एकेरीतच म्हणणार आहे, मोठ्या लोकांनी रागावू नये.) जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली ती १८५४ मध्ये, म्हणजे हिच्या लहानपणी गावात आगगाडी होती, पोस्ट होतं. पण मुलीची शाळा ही काही घरोघरी मानलेली गोष्ट नव्हती. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचंच, हा त्याचा हट्ट. हट्ट चांगला, पण माणूस विक्षिप्त. बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्याचा पारा चढायचा आणि हातही उठायचा. या गृहस्थाचं नुसतं कौतुक करून मला पुढे जाता येत नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. धड औषधोपचार मिळाला असता तर वाचला असता, हे तिच्या मनानं घेतलं आणि डॉक्टर व्हायचं ठरलं ते तिथून. एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पुढचं आपण जरा घाईनं उरकतो.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधलं. या फिरतीत आनंदीच्या राहणीत एक बदल झाला, जो आज आपल्याला बदल वाटणारही नाही. ती पायात बूट-मोजे घालून चालायला लागली. शाळेला चालत, नवऱ्याबरोबर फिरायला चालत. मुंबईत लोक खिडक्यांतून डोकावून बघायचे, टोमणे मारायचे. बाईमाणसानं उघड्यावर चालायचं ते पाण्याला, देवाला नाहीतर कुणाच्या मयताला. नुसतं चालायचं म्हणून चालणं? आजही आमच्या डोंबिवलीत नव्यानं चालायला लागलेल्या बायकांना काय वाढलंय का वजन, असं विचारणारे भेटतातच. पण निदान कुणी खिडक्या उघडून बघत नाही. आनंदीनं बूट सोडले नाहीत, चालणंही सोडलं नाही.

बंगालमध्ये मात्र तिची तब्येत ढासळली. डोकं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोझेलला राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी तिचा पत्रव्यवहार होता. एका मासिकात गोपाळरावांचं पत्र छापून आलं होतं, ते त्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या-बसल्या वाचलं आणि ओळख नसलेल्या मुलीला पत्र लिहिलं. आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली. मावशीनं तिकडून औषधंही पाठवली. म्हणजे अमेरिकेला निघाली तेव्हाच ही मुलगी धडधाकट नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भर सभेत भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिनं तिथे जाहीर केलं. हे असं जाहीर करायची वेळ का आली? मिशनऱ्यांच्या मदतीबरोबर धर्मांतराची अपेक्षा यायची आणि इकडे आपली माणसं, ही बाई बाटणारच, म्हणून टपलेली. दोन्हीकडून पहारा. त्या काळी बाटणं ठरायचं ताटावरून. कुणाच्या हातचं खाल्लं, काय खाल्लं, यावरून. त्यामुळे आनंदीचं जेवण हे नुसतं जेवण राहिलं नाही, तो दिलेला शब्द झाला. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर नाही, वय अठरा.

पहिला उन्हाळा मावशीच्या घरी बरा गेला. ऑक्टोबरात कॉलेज सुरू झालं आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा आला. आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीत पारा पंधराच्या खाली गेला की आपण स्वेटर शोधतो. तिथे बर्फ. तिला मिळालेल्या खोलीतली शेकोटी धड नव्हती, पेटवली की खोलीभर धूर, न पेटवली की गारठा. अंगावर नऊवारी, ज्यात कंबर आणि पोटऱ्या उघड्या. आणि दिवसभर कॉलेज करून आल्यावर स्वतःपुरतं शाकाहारी काहीतरी शिजवायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणते, कारण यावरून भांडणं होतात. शाकाहारानं माणूस आजारी पडत नाही. आपल्या ताटात वरण असतं, उसळ असते, ताक, तूप, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, हंगामाप्रमाणे फळ. या सगळ्यांनी मिळून ते ताट पुरं होतं. आनंदीची अडचण अशी की शब्द आपल्या ताटाचा दिलेला आणि ताट मात्र सात समुद्रांपलीकडे राहिलेलं. तूरडाळ कुठून आणणार, मेथी कुठून आणणार? मग राहतात भात, बटाटा आणि ब्रेड. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. आणि थंडीत तर शरीराला ऊब धरायलाच जास्त अन्न लागतं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र तिनं पुढे फार शहाणपणाचा निर्णय घेतला. नऊवारी सोडून ती गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागली, म्हणजे पाय आणि कंबर झाकली जातील. वर गरम कपडे. तिनं गाऊन चढवला नाही, साडी टाकून दिली नाही. साडी तीच, नेसणं बदललं. हा निर्णय तिचा तिनं घेतला, स्वतःच्या कुडकुडणाऱ्या पायांकडे बघून. आणि तो टिकला. मला यात राहणी बदलण्याचं मोठं मर्म दिसतं. आपल्याकडे सोमवारपासून डाएट सुरू होतं आणि गुरुवारच्या हळदीकुंकवाला मोडतं, कारण आपण साडी टाकून एकदम गाऊन घालायला जातो. भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. घरचे वेगळं खाणार आणि आपण वाटीभर काकडी घेऊन बसणार. असं किती दिवस चालेल?

त्यापेक्षा ताट तेच ठेवून मांडणी बदलावी. भात अर्धा, वरण दुप्पट आणि घट्ट. भाजी चमचाभर तोंडी लावायला न घेता वाटीभर. आठवड्यातून चार दिवस मोडाची उसळ. ताटात लिंबाची फोड, कारण पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या, चहानं तेच लोह अडतं. गूळ खाल्ला की रक्त वाढतं, या समजुतीवर फार विसंबू नका. गुळात लोह असतं ते थोडं, आणि बाकी बरीचशी साखरच. हे सगळं घरातल्या सगळ्यांच्या ताटात चालतं, वेगळा स्वयंपाक लागत नाही, म्हणून टिकतं.

आणि आपण कधी जेवतो, हेही बघायला हवं. आमच्याकडच्या लोकलचा बायकांचा डबा तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. संध्याकाळी मुंबईहून परतताना ठाणं यायच्या आत मटार सोलून होतात, गवार मोडून होते. घरच्यांच्या रात्रीच्या जेवणाची तयारी गाडीतच. पण याच बायकांना सकाळी काय खाऊन निघालात विचारलं, तर चहा-बिस्किट. डबा चौघांचा भरला, स्वतःला खायला दहा मिनिटं नाहीत. गावाकडे गाडी नसेल, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं आहेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांत शंभरात ५७ जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. अमेरिकेच्या बर्फात नाही, डाळ-मेथी-लिंबाच्या देशात.

आनंदीकडे परत जाऊ. अशा खाण्यावर, अशा थंडीत तिनं तीन वर्षांचा अभ्यास पुरा केला. प्रबंधाला विषय घेतला हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांच्या आधारे गरोदर बाई, बाळंतपण आणि बाळ यांची काळजी कशी घ्यावी, ते तिनं अमेरिकेतल्या परीक्षकांपुढे मांडलं. दहा दिवसांचं मूल गमावलेल्या मुलीनं दुसरा विषय कशाला घ्यावा? ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही पोचले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही पक्की झाली.

पण अंगात क्षय शिरला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, त्यावरचं औषध यायला मात्र अजून साठ वर्षं होती. तोवर डॉक्टरांच्या हातात काय, तर विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं अन्न. १६ नोव्हेंबर १८८६ ला ती मुंबईला उतरली ती आजारीच. पुण्याला नेलं, वैद्यांचे उपचार झाले. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. डॉक्टर म्हणून कोल्हापूरला एकही रोगी तपासायचा राहून गेला.

नुसत्या खाण्याच्या आबाळीनं तिला क्षय झाला, असं मी म्हणणार नाही. क्षय जंतूनं होतो, तो कुणालाही गाठतो, खात्यापित्या घरातही. पण अशक्त शरीरात तो लवकर डोकं वर काढतो, हे आता चांगलं सिद्ध झालं आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला जादा तांदूळ आणि डाळ दिली, तर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नाही, लस नाही. तांदूळ आणि डाळ! आपल्याकडे सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला पैसेही मिळतात. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दोन आठवड्यांवर खोकला रेंगाळला, संध्याकाळचा ताप येतोय, वजन उतरतंय, असं घरात कुणाचंही झालं तर तपासून घ्या. घरातल्या बाईचं झालं तर आधी. ती सांगायची नाही, आणि पैसे आलेच तर अंडी-दूध मुलांच्या ताटात जाईल.

मला आनंदीच्या जिद्दीपुढे मान खाली घालावीशी वाटते, पण तिच्या उपाशीपणाचं मला कौतुक करवत नाही. आपल्या भाषणांतून आपण तेच करतो. बर्फात कुडकुडली, अर्धपोटी राहिली, पण ध्येय सोडलं नाही, असं टाळ्या घेत सांगतो आणि समोर बसलेल्या मुलींना नकळत तेच शिकवतो, की मोठं व्हायचं तर पोट मारायचं. तिला त्या खोलीत चांगली शेकोटी हवी होती. डाळीचं पोतं हवं होतं. आणि काय खाल्लंस म्हणून जाब न विचारणारी माणसं हवी होती, इकडेही आणि तिकडेही.

ती गेल्यावर तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या. मावशीनं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्या घरच्यांसाठी राखलेल्या दफनभूमीतल्या जागेत ठेवल्या. तिथे आनंदीच्या नावाचा दगड आजही आहे.