प्रकाशकांनी नाकारलेलं रेसिपीचं पुस्तक ७१ व्या वर्षी स्वतःच्या पैशानं छापलं आणि ते इटलीच्या घराघरात पोहोचलं

तारीख होती २५ जानेवारी १८५१. इटलीच्या रोमान्या भागातलं फोर्लिंपोपोली हे छोटंसं गाव. थंडीचे दिवस, गावातल्या थिएटरमध्ये नाटक सुरू होतं आणि गावातली बडी मंडळी झाडून तिथं जमली होती. मध्येच पडदा वर गेला आणि बघतात तर काय, स्टेजवर नटांच्या जागी बंदुका रोखून दरोडेखोर उभे.

हा दरोडेखोर होता स्तेफानो पेलोनी. लोक त्याला इल पासातोरे म्हणजे नावाडी म्हणायचे. त्यानं थिएटरमधल्या लोकांना ओलीस धरलं आणि त्याच्या माणसांनी गावातली पैसेवाली घरं एकेक करून लुटली. त्यात एक घर होतं आर्तुसी या किराणा व्यापाऱ्याचं. ओळखीच्या माणसाला पुढं करून दरोडेखोरांनी त्यांचं दार उघडायला लावलं. घर तर लुटलंच, पण त्या रात्री जीव वाचवायला छपरावर पळालेल्या गेर्त्रूदे या मुलीच्या मनावर असा आघात झाला की ती त्यातून कधीच सावरली नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

त्या घरातला मुलगा तेव्हा ३० वर्षांचा होता. नाव पेल्लेग्रिनो आर्तुसी. गाव कायमचं सोडून हे कुटुंब फ्लोरेन्सला गेलं. इटलीतल्या घराघरात जे पाककृतींचं पुस्तक आजही नुसतं आर्तुसी या आडनावानं ओळखलं जातं, ते लिहिणारा हाच माणूस.

गंमत म्हणजे हा माणूस कुणी शेफ नव्हता. हॉटेलात त्यानं कधी काम केलं नाही. फ्लोरेन्समध्ये त्याचा धंदा होता रेशमाचा. धंदा चांगला चालला, हातात पैसा आला, बहिणींची लग्नं झाली आणि पन्नाशीच्या आतबाहेरच गड्यानं व्यापारातून अंग काढून घेतलं. लग्न केलं नव्हतं. फ्लोरेन्सच्या पियात्सा द'अझेल्यो चौकातलं घर, भरपूर पुस्तकं, दोन पांढरी मांजरं आणि चांगलंचुंगलं खाण्याची आवड, असा सगळा संसार. मांजरांवर जीव इतका की पुढं आपलं पुस्तक त्यानं बियानकानी आणि सिबिल्लोने या दोन मांजरांनाच अर्पण केलं.

घरात आणखी दोन माणसं होती आणि या गोष्टीत त्यांचा वाटा मोठा आहे. एक फ्रान्चेस्को रुफिल्ली, आर्तुसीच्याच गावचा. दुसरी मारिएत्ता साबातिनी, तोस्काना भागातल्या मास्सा ए कोझ्झिले गावची. आर्तुसी कुठून तरी पाककृती मिळवून आणायचा आणि हे दोघं ती करून बघायचे. जमली नाही तर पुन्हा, परत नाही जमली तर परत पुन्हा. मालकाची जीभ तिखट आणि पोट नाजूक. त्यामुळं त्या स्वयंपाकघरात दोघांचे किती दिवस चुलीपुढं गेले असतील याचा अंदाजच केलेला बरा.

आर्तुसीला खरं तर साहित्यिक व्हायचं होतं. त्यानं कवी उगो फोस्कोलोचं चरित्र लिहिलं, ते कुणी फारसं विचारलं नाही. मग त्यानं पाककृतींचं हस्तलिखित तयार केलं. नाव मोठं भारदस्त, मराठीत सांगायचं तर स्वयंपाकातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला. हस्तलिखित त्यानं एका विद्वान प्राध्यापक मित्राला दाखवलं. मित्रानं सांगून टाकलं की हे पुस्तक काही चालायचं नाही. प्रकाशकांकडं खेटे घातले तर कुणी हात लावेना, आणि ज्यांनी तयारी दाखवली त्यांच्या अटी याला पटेनात. शेवटी १८९१ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, आर्तुसीनं पदरमोड करून १००० प्रती छापल्या. त्यात ४७५ पाककृती होत्या.

आणि पुस्तक पडून राहिलं.

सगळ्यात झोंबणारा किस्सा त्याच्याच गावातला. फोर्लिंपोपोलीत धर्मादाय कामासाठी सोडत होती, तिथं बक्षीस म्हणून त्यानं पुस्तकाच्या दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी त्या नेऊन तंबाखूवाल्याला विकल्या. हे आर्तुसीनं लपवलं नाही. पुढच्या आवृत्त्यांच्या सुरुवातीला त्यानं ही सगळी फजिती स्वतःच छापली आणि आपल्या पुस्तकाची तुलना सिंड्रेलाशी केली.

मग चाक फिरलं कसं? फ्लोरेन्समधले नावाजलेले शास्त्रज्ञ पाओलो मान्तेगात्सा यांनी पुस्तकाचं जाहीर कौतुक केलं, त्याचा फायदा झालाच. पण खरी जादू टपालानं केली. आर्तुसी पुस्तक घरूनच विकायचा. पैसे पाठवा, पुस्तक पोस्टानं येईल. त्यामुळं वाचकांकडं लेखकाचा पत्ता होता. आणि ज्या बाईकडं लेखकाचा पत्ता आहे आणि जिचा पदार्थ बिघडलाय, ती गप्प बसेल होय?

पत्रं यायला लागली. कुणाला प्रमाण कळलं नव्हतं, कुणाचं पीठ सैल झालं होतं, कुणाचं म्हणणं होतं की आमच्याकडं हा पदार्थ असा नाही, असा करतात, आणि सोबत पाककृती. बहुतेक पत्रं घरी रांधणाऱ्या बायकांची. आर्तुसी ती वाचायचा, उत्तरं द्यायचा आणि आलेली पाककृती मारिएत्ता आणि फ्रान्चेस्कोकडून करून बघायचा. जमली तर पुढच्या आवृत्तीत. बोलोन्याच्या एका तरुण बाईनं, जिला सगळे रोंदिनेल्ला म्हणजे चिमणपाखरासारखं लाडाचं नाव घेऊन हाक मारायचे, त्याला शेवयांच्या जातीचा एक सूपचा प्रकार शिकवला. तोही पुस्तकात आला, तिच्या नावासकट.

दुसरी आवृत्ती १८९५ ला निघाली आणि नंतर आवृत्त्यांमागून आवृत्त्या. ४७५ पाककृतींच्या होता होता ७९० झाल्या. वीस वर्षं एक पुस्तक शिजत होतं.

लोकांना ते आवडलं याचं आणखी एक कारण म्हणजे त्याची भाषा. इटली एक देश झाला १८६१ मध्ये, पण गावागणिक बोली वेगळी, एकाच पदार्थाला दहा नावं. स्वयंपाकाची जी पुस्तकं होती त्यात फ्रेंच शब्दांचा भरणा. आर्तुसीनं फ्रेंच शब्द शक्य तिथं बाजूला सारले, तोस्कानाच्या सोप्या इटालियनमध्ये लिहिलं आणि मापं ग्रॅममध्ये दिली. आणि मध्येच गप्पा. बटाटे आणि मैद्याच्या न्योक्की या छोट्या गोळ्यांची पाककृती देताना तो एका बाईची फजिती सांगतो. तिनं मैदा कमी घातला आणि उकळत्या पाण्यात डाव फिरवला तर गोळे गायब! साबुदाणा वडा तेलात फुटल्यावर आपल्याकडं जे तोंड होतं, तेच.

मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं दाट सूप. ते सांगताना तो थेट १८५५ सालच्या लिवोर्नो बंदरावर नेतो. तिथं त्यानं खानावळीत हे सूप खाल्लं आणि रात्रभर पोटानं हैराण झाला. सगळे शिव्याशाप त्या सूपला. दुसऱ्या दिवशी फ्लोरेन्सला परतला तर बरं वाटलं. आणि मग बातमी आली की लिवोर्नोत कॉलरा पसरलाय आणि पहिला बळी गेलाय तो ज्याच्या घरी हा उतरला होता त्या घरमालकाचा. सूप बिचारं निर्दोष होतं. पाककृतीच्या पुस्तकात कॉलऱ्याची गोष्ट घालायला धाडसच लागतं, पण वाचणारी बाई ती पाककृती जन्मात विसरणार नाही.

आपल्याला इटली म्हटलं की पिझ्झा आठवतो. आर्तुसीच्या पुस्तकात नेपल्सच्या नावाचा पिझ्झा आहे, पण तो चक्क गोड आहे, रिकोटा नावाचं मऊ चीज आणि बदाम घातलेला. टोमॅटो आणि चीजचा पिझ्झा तेव्हा नेपल्सच्या गल्लीतला होता, त्याच्या वाचकांच्या ताटातला नव्हता. पुस्तकाची उणी बाजूही इथंच दिसते. रोमान्या, बोलोन्या, तोस्काना भरभरून आहेत, दक्षिण इटली मात्र जेमतेम. आणि ज्या शेतमजुरांच्या घरी रोज मक्याच्या पिठाचा पोलेंताच शिजायचा त्यांच्यासाठी हे पुस्तक नव्हतंच. लोणी, अंडी, मांस परवडणाऱ्या मध्यमवर्गाचं ते स्वयंपाकघर. तरी वेगवेगळ्या प्रांतांतल्या बायकांना एकमेकींचा स्वयंपाक वाचता आला, तो या पुस्तकामुळं. पुढं १९७० मध्ये पिएरो काम्पोरेसी या अभ्यासकानं तर असं मांडलं की इटालियन लोकांना एक करण्यात मांझोनीच्या गाजलेल्या कादंबरीपेक्षा या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

मारिएत्ताचं श्रेयही आर्तुसीनं दाबून ठेवलं नाही. नाताळात खाल्ल्या जाणाऱ्या पानेत्तोने या गोड ब्रेडची तिची पाककृती त्यानं पानेत्तोने मारिएत्ता याच नावानं छापली आणि वर सांगितलं की मिलानच्या दुकानात मिळतो त्यापेक्षा हा सरस आहे.

३० मार्च १९११ ला, वयाच्या ९० व्या वर्षी, आर्तुसी फ्लोरेन्समध्ये गेला. मृत्युपत्र उघडलं. त्याची बरीचशी मालमत्ता फोर्लिंपोपोलीला मिळाली, म्हणजे ज्या गावानं त्याची पुस्तकं तंबाखूवाल्याला विकली होती त्याच गावाला. आणि पुस्तकाचे हक्क मिळाले मारिएत्ता आणि फ्रान्चेस्कोला. एव्हाना पुस्तक धो धो खपत होतं, त्यामुळं ही देणगी नावापुरती नव्हती.

आज त्या गावात कासा आर्तुसी नावाचं केंद्र आहे, २००७ पासून. तिथं घरगुती स्वयंपाक शिकवला जातो, आणि हातानं पास्ता लाटायला शिकवणाऱ्या बायकांना मारिएत्ता म्हणतात. दर उन्हाळ्यात गावात आर्तुसीच्या नावानं खाद्यमहोत्सव भरतो. त्यात मारिएत्ताच्या नावाचं एक बक्षीस असतं. ते फक्त घरी रांधणाऱ्यांसाठी आहे, व्यावसायिक शेफना त्यात भाग घेता येत नाही.