मगनवाडींतील ख्रिस्तभक्त हिशेबनीस : कै. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं संतमहात्म्यांचीं चरित्रें वाचण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु जे दूरच्या देशीं व दूरच्या काळीं होऊन गेले, त्यांचें जीवन पाहून आपण पुष्कळदां मनाशीं म्हणतों कीं, त्यांना तें साधलें, आपणांस कोठून साधणार? म्हणून आज मीं असा एक ख्रिस्तानुयायी निवडला आहे, कीं ज्याची कर्मभूमि आपला हाच वर्धा जिल्हा होता. मगनवाडीवरून आपल्यापैकीं पुष्कळजण नित्य जातात येतात. पण तेथें एका ख्रिस्ती माणसानें आपल्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें वेंचलीं, हें थोड्यांसच ठाऊक असेल. कै. कुमारप्पा आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. प्रॉटेस्टंट कुटुंबांत ते जन्मले व वाढले. तथापि विभक्त बंधूंच्या ठायीं ख्रिस्ताचें जें खरें धन दिसेल त्याचा आनंदानें आदर करावा, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६४ मध्यें आपणांस शिकविलें आहे. त्या शिकवणीस अनुसरून हें अल्पचरित्र सादर करितों.

भोसले राजांमुळें मराठी माणसास आपलेंसें वाटणारें जें तंजावर, तेथें ४ जानेवारी १८९२ रोजीं जोसेफ यांचा जन्म झाला. वडील सॉलोमन दोराईस्वामी कॉर्नेलियस हे मद्रास सरकारच्या बांधकाम खात्यांत अधिकारी होते. आई एस्थर ही मोठी धर्मशील बाई. घर सुखवस्तु व शिस्तीचें. जोसेफ यांनीं लंडनला जाऊन हिशेबतपासनिसाचा धंदा आत्मसात केला, आणि सन १९१९ मध्यें आईच्या इच्छेवरून स्वदेशीं परतून मुंबईस आपला जम बसविला. उत्तम विलायती पोषाख, चांगली प्राप्ति, प्रतिष्ठित मित्रमंडळ, कशाचीच वाण नव्हती.

सन १९२७ मध्यें ते उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले. सिराक्यूज येथील पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत राजस्वशास्त्र शिकूं लागले, व हिंदुस्थानचें दारिद्र्य आणि सरकारचा जमाखर्च यांचा संबंध त्यांनीं अभ्यासास घेतला. आजवर व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणारी ती दृष्टि आतां देशाच्या वहीवर पडली, आणि दरिद्री शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कोठें जातो तें तिला स्पष्ट दिसलें. त्या दिवसापासून हा सुखी गृहस्थ अस्वस्थ झाला.

आपला प्रबंध महात्मा गांधींस दाखवावा म्हणून ९ मे १९२९ रोजीं ते साबरमतीस गेले. झाडाखालीं, शेणानें सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कांतीत बसले होते. तेच गांधीजी होत, हें त्यांस प्रथम कळलें नाहीं. ओळख पटतांच रेशमी विजार घातलेले कुमारप्पा तसेच जमिनीवर बसले. पुढें त्यांनीं विलायती पोषाख टाकून खादी स्वीकारली, आणि कॉर्नेलियस या आडनांवाऐवजीं घराण्याचें जुनें देशी नांव धारण केलें. मातर तालुक्यांतील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचें काम गांधींनीं त्यांच्यावर सोंपविलें, आणि मुंबईचा धंदा कायमचा मागें पडला.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. त्या काळीं सुशिक्षित ख्रिस्ती समाजांत साहेबी राहणी हीच जणूं श्रद्धेची खूण होऊन बसली होती. बूट, टोपी व इंग्रजी बोली सोडणारा मनुष्य धर्मापासून ढळला कीं काय, अशी शंका स्वकीयच घेत. कुमारप्पांनीं खादी घातली, पण शुभवर्तमान खालीं ठेविलें नाहीं. सन १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडूं लागल्या, तेव्हां त्यांनीं अँग्लिकन पंथाच्या कलकत्त्याच्या प्रमुख महागुरूंस पत्र लिहून ख्रिस्ताच्या शिकवणीच्या आधारेंच जाब विचारला. स्वतःच्याच पंथबंधूंना हें रुचलें नाहीं. पुढें त्यांस तुरुंगवासही घडला.

सन १९३४ च्या जानेवारींत बिहारमध्यें भयंकर भूकंप झाला. साह्यनिधीचा हिशेब राखण्याचें काम राजेंद्रप्रसादांनीं कुमारप्पांस दिलें. गांधी आपल्या परिवारासह तेथें आले असतां त्यांचा खर्च या निधींतून करण्यास कुमारप्पांनीं साफ नकार दिला. पीडितांसाठीं आलेल्या पैशांत पाहुण्यांचा वाटा नाहीं, हा त्यांचा न्याय होता. ज्याच्यासाठीं सर्वस्व सोडलें त्याच्याही बाबतींत हिशेब ढिला झाला नाहीं. गांधींनींही त्याचा राग मानला नाहीं.

त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं आपल्या वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव पडलें, आणि संघाची सर्व व्यवस्था कुमारप्पांच्या हातीं आली. घाणीचें तेल, हातसडीचे तांदूळ, जात्याचें पीठ, हातकागद, मधमाशा, ताडगूळ, रॉकेलऐवजीं वनस्पति तेलावर जळणारा मगनदीप, हेच आतां त्यांचें विश्व झालें. लंडन व न्यूयॉर्क पाहिलेला हा पंडित घाणीच्या बैलांची आणि चुलीच्या धुराची चिंता वाहूं लागला. तेथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजीं उघडलें. तें आजही आपण पाहूं शकतों.

गिरणीच्या मालाची चकाकी तेव्हां घरोघर पोंचत होती. पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा, हातसडीचा गरिबाचा, असें लोक मानूं लागले होते. कुमारप्पा विचारीत कीं, ही वस्तु स्वस्त आहे खरी, पण तिच्यापायीं कोणाची भाकर गेली? त्यांच्या मतें प्रत्येक खरेदी हें नीतीचें कृत्य होतें. पैसा देणारा त्या वस्तूमागील पापपुण्याचाही वांटेकरी होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारच्या अर्थनीतीवर त्यांनीं एक लेख लिहिला. भाकर मागणाऱ्या मुलास धोंडा देणाऱ्या बापाचा जो उल्लेख शुभवर्तमानांत आहे, त्यावरून त्याचें नांव ठेविलें होतें. त्या लेखापायीं त्यांस जबलपूरच्या तुरुंगांत जावें लागलें. तेथें त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं : एक प्रभु येशूच्या आचार व उपदेशावर, दुसरें शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकांत त्यांनीं अर्थव्यवहाराच्या पायऱ्या सृष्टीच्या दाखल्यांनीं समजाविल्या आहेत. दुसऱ्याच्या रसावर जगणारें बांडगूळ ही अगदीं खालची पायरी. पोळ्यासाठीं झटणारी मधमाशी वरची. आणि मोबदल्याची आशा न धरतां लेंकरासाठीं झिजणारी माता ही सर्वांत वरची. पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ च्या परिपत्रकांत सृष्टीच्या जतनाविषयीं जें कळवळून सांगितलें, त्याच्या पुष्कळ जवळचा विचार हा सत्तर वर्षें आधीं होऊन गेला. संस्कारांविषयीं व ख्रिस्तसभेच्या अधिकाराविषयीं त्यांचे विचार आपल्या श्रद्धेशीं सर्वत्र जुळत नाहींत, हें मीं लपवीत नाहीं. पण प्रभूचें वचन पाळण्यासाठींच आहे, ही त्यांची खात्री आपणां सर्वांस लाजविणारी आहे.

स्वराज्य आल्यावर मानसन्मानाचा मार्ग खुला होता. काँग्रेसच्या जमीनसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले व सन १९४९ मध्यें तिचा अहवाल त्यांनीं सादर केला. परंतु देशाचा ओढा मोठ्या यंत्रांकडे होता, आणि कालच्या मित्रांस त्यांचें बोलणें आतां कटकटीचें वाटूं लागलें. ते सत्तेच्या दारीं थांबले नाहींत. आपल्याच जिल्ह्यांतील सेलडोह येथें पन्नई आश्रम काढून शेतीच्या प्रयोगांत रमले. प्रकृति ढांसळल्यावर ते मदुरेकडील कल्लुपट्टी येथील आश्रमांत राहिले. आजन्म अविवाहित राहिलेल्या या सेवकानें ३० जानेवारी १९६० रोजीं, गांधींच्याच पुण्यतिथीस, देह ठेविला.

बंधुभगिनींनो, जगाचा प्रवाह म्हटला कीं आपणांस परक्यांचे सण व परक्यांचे देव आठवतात. कुमारप्पांनीं जो प्रवाह ओलांडला तो निराळा होता. तो स्वतःच्या घरांतून, स्वतःच्या समाजांतून व स्वतःच्या पक्षांतून वाहत होता. आपलाही तसाच आहे. मीं या वेदीसमोर अनेक लग्नें लाविलीं. मंडप, बँड, आहेर व जेवणावळी यांत एका दिवसांत जें गेलें, त्यासाठीं कापसाचें पीक उभें असतांच कर्ज काढलेलीं घरें मला ठाऊक आहेत. लोक काय म्हणतील या भयानें आईबापांनीं वावर गहाण टाकलें, आणि मीं, त्यांचा धर्मगुरु, त्या पंगतीस बसून आशीर्वाद देऊन आलों. आधीं दोन शब्द सांगावयास पाहिजे होते. मीं सांगितले नाहींत. ही माझी चूक आज येथें लिहून ठेवितों.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे दासांस मुक्त करण्याचें व गेलेली जमीन मूळ धन्यास परत देण्याचें वर्ष होतें. आपल्या महोत्सवाचा जमाखर्च पुरा होईल तेव्हां ती वही मगनवाडीच्या त्या हिशेबनिसापुढें ठेविली आहे, अशी कल्पना करूं या. रोषणाईचे आंकडे तो वाचील, फुलांचे वाचील, आणि मग पान उलटून विचारील कीं, या वर्षीं तुमच्या धर्मग्रामांतील किती घरें कर्जांतून मोकळीं झालीं? त्या रकान्यांत लिहावयास कांहीं तरी असावें, एवढ्यासाठीं आपण आजपासून झटूं या. प्रभु येशू ख्रिस्त व त्याची पवित्र माता आपणांस तें बळ देवोत.