यूलिउस वोल्फ आणि हाडांचा नियम

मराठीत अतिकष्टाला हाडांची काडे करणे म्हणतात. श्रमाने हाड झिजते, ही समजूत त्या वाक्प्रचारात गृहीत आहे. शरीरशास्त्राचा अनुभव मात्र बराचसा याउलट आहे. बेताचा भार वरचेवर पडत राहिला तर हाड भरते. भार नाहीसा झाला तर ते विरळ होते. हा सिद्धान्त ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ होत. त्यांचा नियम सर्वत्र उद्धृत होतो. पण त्यांनी प्रतिपादिलेले आणि त्यांच्या नावावर रूढ झालेले यांत बरेच अंतर आहे. ग्रंथाचा मूळ पाठ आणि त्याची कीर्ती यांचा संबंध तपासणाऱ्या साहित्याभ्यासकांनाही हे चरित्र म्हणूनच विचारात घेण्यासारखे वाटेल.

वोल्फ यांचा जन्म २१ मार्च १८३६ रोजी पश्चिम प्रशियातील मेर्किश फ्रीडलांट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. बर्लिन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. नामवंत शल्यवैद्य लांगेनबेक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयच प्राण्यांमधील अस्थिनिर्मिती हा होता. पुढे प्रशियाच्या युद्धांत त्यांनी शल्यवैद्य म्हणून सेवा केली आणि उर्वरित आयुष्य बर्लिनमध्येच रुग्णसेवा, अध्यापन व संशोधन यांत घालविले.

त्यांच्या विचाराला दिशा मिळाली ती मात्र झुरिकमधून. तेथील शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद अभ्यासला होता. हा भाग आतून सच्छिद्र असून बारीक अस्थिपट्ट्यांनी विणलेला असतो. अभियंते कार्ल कुलमान यांनी तो पाहिला, तेव्हा वजन उचलणाऱ्या यारीत दाब आणि ताण ज्या रेषांनी वाहतात, त्यांच्याशी या पट्ट्यांच्या मांडणीचे साम्य त्यांना जाणवले. मायर यांनी १८६७ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वोल्फ यांनी १८७० मध्ये त्याचा विस्तार केला आणि या साम्याला गणिती नियमाचे स्थान दिले.

त्यांचे स्वतःचे भरीव कार्य याच्या पुढचे आहे. मोडून वाकडी जुळलेली, सांधा आखडल्याने निराळा भार सोसणारी अशी हाडे त्यांनी जमविली आणि त्यांचे पातळ छेद घेतले. आतील पट्ट्या जुन्या मांडणीत राहिल्या नव्हत्या. नव्या भाराच्या दिशेने त्यांची पुनर्रचना झाली होती. म्हणजे हाड ही एकदाच घडून थांबणारी वस्तू नव्हे, असे त्यांनी दाखविले. १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हा रूपांतराचा नियम मांडला : हाडाचे कार्य बदलले की प्रथम त्याची अंतर्रचना आणि त्यामागून बाह्य आकार निश्चित गणिती नियमांनुसार बदलतो. जन्मतः वाकडे असलेले पाऊल टप्प्याटप्प्याने बंधने बदलीत सरळ करण्याच्या त्यांच्या उपचारामागेही हीच दृष्टी होती. १८ फेब्रुवारी १९०२ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर जर्मन न जाणणाऱ्या अभ्यासकांना हा नियम बहुधा परभारेच माहीत होता.

मूळ ग्रंथ तपासला असता त्यातील गणित टिकत नाही. कुलमान यांची यारी एकजिनसी आणि भरीव कल्पिलेली होती. हाड तसे नाही. पट्ट्या सर्वत्र काटकोनात छेदतातच असेही नाही. शिवाय हा बदल कोण घडवितो, या प्रश्नाला वोल्फ यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. ऊतक स्थानिक उद्दीपनाला स्वतःच प्रतिसाद देते, ही कल्पना १८८१ मध्ये विल्हेल्म रू यांनी मांडली होती. आज वोल्फ यांच्या नावावर जे सांगितले जाते, त्यात रू यांचा वाटा मोठा आहे.

पेशींची ही भूमिका विसाव्या शतकात क्रमाने उलगडली. हाडात पुरलेल्या अस्थिपेशी अतिसूक्ष्म नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड किंचित वाकले की नलिकांतील द्रव हलतो आणि पेशींना भाराची जाणीव होते. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन स्रवतात व ते अस्थिजनक पेशींना आवर घालते. भार पडताच हा स्राव घटतो आणि अस्थिजनक पेशी नवे हाड रचू लागतात. स्थिर भाराचा परिणाम फारसा होत नाही. बदलत्या, हलत्या भाराचा होतो. वोल्फ यांच्या विवेचनात हा भेद नव्हता.

भार काढून घेतल्यास काय होते, याची कसोटी अवकाशात लागते. वजनरहित अवस्थेत दर महिन्याला नितंबास्थीची सुमारे १ ते १.५ टक्के खनिजघनता घटते. बंगळूरच्या इंदिरानगरपासून जवळच, जुन्या विमानतळ मार्गावर, भारतीय वायुसेनेची एरोस्पेस वैद्यक संस्था आहे. गगनयानासाठी वैमानिकांच्या निवडीचा पहिला टप्पा २०१९ मध्ये तेथे पार पडला. अशा संस्थांपुढील अस्थिक्षयाचा प्रश्न हा मुळात वोल्फ यांचाच प्रश्न आहे. त्यांचे गणित मागे पडले, कारणमीमांसा इतरांनी पुरविली. तथापि वाकड्या जुळलेल्या हाडांत त्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले, ते अद्याप कोणी खोटे ठरविलेले नाही.